ब्रन्सविकचे विटांचे साधे कॉटेज: वारसामूल्याचा मसुदा कुठवर आला

मेलबर्नच्या ब्रन्सविक उपनगरातील ज्या व्हिक्टोरियन काळातल्या बैठ्या कॉटेजचा इतिहास मी हौसेने जुळवतो आहे, त्याच्या कागदोपत्री नोंदी बहुतेक हाती आल्या असून आता ते जपण्याजोगे का आहे, हे नेमक्या शब्दांत मांडण्याचे काम सुरू आहे.

पालिकेच्या जुन्या कर-नोंदवहीत हा भूखंड 1880च्या दशकातील बांधकामाच्या तेजीत एका वर्षी मोकळी जमीन, तर पुढच्याच वर्षी ‘विटांचे घर, 4 खोल्या’ म्हणून दिसतो आणि राहणाऱ्याचा व्यवसाय विटा पाडण्याचा असल्याचे लिहिलेले आहे. घरांचे क्रमांक पुढे बदलल्यामुळे शेजाऱ्यांच्या नावांचा क्रम सँड्स अँड मॅकडूगल यांच्या वार्षिक निर्देशिकेशी ताडून पाहावा लागला. नुसत्या क्रमांकावर विसंबू नये, हे नव्याने या छंदाकडे वळणाऱ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते. व्यवसायाची ती नोंद मला फार मोलाची वाटते, कारण ब्रन्सविकची ओळखच मातीच्या खाणींची आणि भट्ट्यांची होती. 1870 मध्ये येथे स्थापन झालेल्या हॉफमन कंपनीने ज्या भट्टीचे तंत्र आणले, तिच्यात आग न विझता एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात सरकत जाते, त्यामुळे उत्पादन अखंड चालू राहत असे.

दर्शनी भिंत तांबूस-तपकिरी विटांची असून कोपरे आणि खिडक्यांच्या कडा फिकट पिवळसर विटांच्या आहेत. वास्तुविशारद जोसेफ रीड 1863 मधील युरोप दौऱ्याहून परतल्यावर रंगीत वीटकामाची ही आवड मेलबर्नमध्ये रुजली आणि रिपन ली वाड्यापासून थेट कामगारांच्या घरांपर्यंत झिरपली. जवळून पाहिले, तर दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, आधी विटेच्याच रंगाच्या चुन्याने सपाट भरून त्यावर पांढऱ्या चुन्याची सुतासारखी बारीक, सरळ रेघ ओढलेली दिसते, म्हणजे ओबडधोबड विटाही काटेकोर भासतात. हा थाट फक्त रस्त्याच्या बाजूला आहे; बाजूच्या भिंतीवर साधा दर्जा भरून काम भागवले आहे. पाया ब्लूस्टोनचा, म्हणजे सह्याद्रीत मिळतो तसा बेसाल्टचाच आहे.

मसुद्यात सौंदर्याच्या निकषावर भर देण्याचा मोह मी टाळला आहे, आणि कोणा नामवंताचा संबंध शोधण्याच्या फंदातही पडलो नाही. व्हिक्टोरिया राज्यात वापरल्या जाणाऱ्या निकषांपैकी एका विशिष्ट प्रकारच्या वास्तूची मुख्य वैशिष्ट्ये दाखवणारा ‘डी’ निकष येथे चपखल बसतो: मूळ आराखडा, धुराडे, व्हरांडा आणि दर्शनी वीटकाम हे सारे एकत्र टिकून आहे. अशी घरे पुष्कळ आहेत, हा आक्षेप येणारच. परंतु पुष्कळ असलेल्या घरांपैकी कितींची दर्शनी भिंत रंगवलेली किंवा गिलावा केलेली नाही, ही तुलना त्याला खरे उत्तर देते.

एका कोपऱ्यात मात्र नंतर कोणीतरी सिमेंटने दर्जा भरला आहे. ओल कठीण सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, ती मऊ विटेतून वाट काढते आणि क्षारांमुळे विटेचा पृष्ठभाग सोलून निघतो. तेथे तशा पापुद्र्यांना सुरुवात झालेली आहे, म्हणून ही बाब स्थितीच्या नोंदीत स्वतंत्रपणे घेतली आहे.

पुढचे काम मागच्या स्वयंपाकघराचे आहे. मलनिस्सारण मंडळाच्या 1:480 प्रमाणातील नकाशात घराची मागची बाह्यरेषा आणि परसातील शौचकूप दाखवलेले आहे. त्या रेषेशी आजचे मोजमाप जुळले, तर ते स्वयंपाकघरही मसुद्यात समाविष्ट होईल.