बाभळीचा भोवरा: आर बसली, आता लाख

या खेपेचा भोवरा बाभळीचा. शिरोळकडच्या एका बांधावर तोडलेल्या झाडाची फांदी मिळाली होती. टोकांना मेण लावून ती पावसाळाभर सावलीत वाळवली, कारण ओल टोकांतून भराभर उडते आणि लाकूड तिथूनच तडकतं. गाभा सोडून बाजूचा तुकडा घेतला. गाभ्यासकट कातलेला भोवरा दिसतो देखणा, पण उन्हाळ्यात उभा चिरतो. पेरूचं लाकूडही झकास, लवकर गुळगुळीत होतं. पण गुच्चे, म्हणजे दुसऱ्या भोवऱ्याचे घाव, खायचे असतील तर माझ्या मते बाभळीला तोड नाही.

रुंदी 5 सेंटिमीटर, उंची 6. पोट जितकं रुंद तितकं फिरणं टिकतं आणि वजन जितकं जमिनीलगत तितका तोल चांगला. पण खालचा निमुळतेपणा कमी केला की जाळी, म्हणजे गुंडाळायची दोरी, घट्ट बसत नाही, फेकायच्या आधीच निसटते. सगळा पेच इथंच आहे.

खरा जीव आरेत, म्हणजे खालच्या लोखंडी टोकात. तिचं भोक लाकूड लेथवर असतानाच पाडलं, म्हणजे आर आणि भोवरा यांचा मध्य एकच राहतो. भोक आरेपेक्षा किंचित बारीक हवं: सैल झालं तर आर हलते, फारच बारीक झालं तर ठोकताना लाकूड फाटतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून टणक पोलादाच्या सळईचा तुकडा आणला आणि टोक गोलसर घासलं. अणकुचीदार आर मुरमाच्या अंगणात रुतून खड्डा करते. गोलसर आर फरशीवर घासत जाते आणि त्या घासण्यानंच तिरका पडलेला भोवरा डुलत डुलत सरळ उभा राहतो. हे बघताना डोळे हलत नाहीत!

तोल तपासायला फिरत्या पोटाला हलकेच खडू टेकवला. रेघ एकाच अंगाला उमटली तर तोल गेलेला समजायचा. इथं चौफेर सारखी उमटली आणि जीव भांड्यात पडला. हातजाळीवर, म्हणजे जमिनीवर पडू न देता थेट तळव्यावर, घेतला तर आर तळव्याला टोचत नाही, नुसत्या गुदगुल्या होतात.

आता लाखेचा रंग. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे लाकडी खेळणी करणारे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं ती वितळून पसरते, मग केवड्याच्या पानानं चकाकी आणतात. त्यांचं लाकूड काळ्या कुड्याचं, मऊ आणि पांढरट. बाभूळ गडद, त्यामुळं लाख जरा जाड चढवावी लागेल. पहिला पट्टा हळदीचा पिवळा देणार आहे. डोक्याकडचा, गुच्चे बसतात तो भाग मात्र कोराच ठेवणार.