पेव्हर ब्लॉकमधला गेटचा खांब बदलताना

बंगल्याच्या किंवा रो-हाउसच्या लोखंडी गेटचा खांब सडतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: ब्लॉकच्या माथ्यापासून खाली चार बोटांत. काँक्रीटात गाडलेलं लोखंड टिकतं, उघड्यावरचं रंगामुळे टिकतं. मधला साधारण १०० मिमीचा पट्टा मात्र ब्लॉक आणि त्याखालची कच (दगडाचा बारीक चुरा) यांत अडकलेला असतो. पावसाळाभर तिथे ओल असते आणि ब्लॉक बसल्यावर रंगाचा ब्रश तिथवर पोचत नाही. खांबाला वरून टोपी नसेल, तर पाइप आतूनही जातो.

सडलेल्या भागाला चारही बाजूंनी पट्टी वेल्ड करायचा सल्ला हमखास मिळतो. पण वेल्ड धरायला चांगलं लोखंड लागतं आणि नेमकं तेच तिथे उरलेलं नसतं. आधी हातोडीने ठोकून पाहा. चांगला पाइप खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. गेट हलवल्यावर काँक्रीटसकट खांब डुलत असेल तर दोष पायात आहे. काँक्रीट घट्ट आणि पाइपच वाकत असेल तर गंजात.

गेट उतरवल्याशिवाय खांबाला हात लावू नका. १.८ मीटर रुंद आणि ८० किलो वजनाचं पान, म्हणजे गेटचं एक दार, बंद असताना खांबाला गेटच्या मध्याकडे ओढतं, उघडं असताना आवाराच्या आत. म्हणजे ओढ दोन दिशांनी येते, म्हणून पाया चौरस हवा, भिंतीलगतचा चिंचोळा चर पुरत नाही.

ब्लॉक काढताना पहिला सगळ्यात त्रास देतो. खांबाभोवतीचे तुकडे सहसा सिमेंटने भरलेले असतात. ते छिन्नीने फोडा आणि तिथून सुरुवात करा; पुढचे पहारीच्या चपट्या टोकाने हलके उचलले जातात. खड्ड्याच्या कडेपासून चारही बाजूंना ३०० मिमीपर्यंतचे काढा, फोटो घ्या, खडूने आकडे टाका. आता बहुतेक जण विसरतात ती गोष्ट: उरलेल्या ब्लॉकच्या कडेला लाकडी पट्ट्या लावून त्यांना आडवा टेकू द्या. नाहीतर काम चालू असताना ते मोकळ्या जागेकडे सरकतात, सांधे फाकतात आणि शेवटचे दोन ब्लॉक काही केल्या बसत नाहीत. जुन्या ब्लॉकच्या रंगाचे नवे मिळत नाहीत. फुटलेल्यांच्या जागी पाण्याच्या टाकीमागचे किंवा धुण्याच्या जागेचे चार ब्लॉक काढून लावावेत आणि नवे तिकडे ढकलावेत.

जुना पाया काढणं हे खरं कष्टाचं काम. ४५० × ४५० × ७५० मिमीचा गठ्ठा साडेतीनशे किलोंच्या वर भरतो. खालचा पाइप अजून धड असेल तर त्याला आडवं चॅनेल वेल्ड करून दोन्ही बाजूंना फळ्यांवर बॉटल जॅक लावा, गठ्ठा सावकाश वर येतो. नाहीतर ब्रेकर भाड्याने आणून फोडा. कडेची माती हाताने खणा, कारण गेटजवळूनच दिव्याची केबल, नळाची लाइन आणि शहरात पाइप गॅसची नळी जाते.

नव्या पायाचं माप गेटच्या खांबाला वर दिलं तेवढंच ठेवा. काळ्या मातीत मात्र मुरूम लागेपर्यंत, निदान ९०० मिमी खोल जा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरून रुंद आणि खाली निमुळता खड्डा असेल तर ती पायाला वर ढकलते, म्हणून बाजू उभ्या आणि तळ पसरट हवा. ७५० मिमीच्या एका खड्ड्याला ०.१५ घनमीटर काँक्रीट लागतं. १:१.५:३ प्रमाणात सुमारे सव्वा गोणी सिमेंट, सव्वादोन घनफूट वाळू आणि साडेचार घनफूट खडी. पाणी गोणीला २५ लिटरच्या वर नको. मिस्त्री माल पातळ करायला बघतो, कारण पातळ माल सळईने खुपसावा लागत नाही. कुंपणाच्या ५० मिमी खांबांना ३०० × ३०० × ६०० मिमी पुरतं, एका गोणीत दोन खड्डे होतात.

खांब काँक्रीटात गाडू नये, बेसप्लेटवर उभा करावा, असं माझं ठाम मत आहे. पाया ब्लॉकच्या वर २० मिमी आणा आणि माथ्याला बाहेरच्या बाजूंना उतार द्या. त्यात १६ मिमीचे चार जे-बोल्ट (खालचं टोक वळवलेले, काँक्रीटात गाडायचे बोल्ट), ४०० मिमी लांबीचे, प्लायच्या फळीला भोकं पाडून अडकवा. आट्यांवर टेप गुंडाळा. खांबाला २५० × २५० × १२ मिमी प्लेट वेल्ड करायची, प्लेटखालच्या नटांवर ओळंब्यात आणायची आणि प्लेटखाली नॉन-श्रिंक ग्राउट, म्हणजे सुकल्यावर न आकसणारा माल, भरायचं. सगळं लोखंड जमिनीवर राहतं, रंग मारता येतो आणि पुढे कधी खांब बदलायचा झाला तर ब्लॉकला धक्का लागत नाही. दिसायला बोल्ट थोडे उघडे दिसतात. ज्यांना ते खपत नाही त्यांनी पाइप गाडावा, पण काँक्रीट ब्लॉकच्या माथ्यावर आणूनच.

१०० × १०० × ५ मिमीचा चौकोनी पाइप मीटरला सुमारे साडेचौदा किलो भरतो. बेसप्लेटवरच्या खांबाला उंचीइतकाच पाइप लागतो, त्यामुळे ६ मीटरच्या एका लांबीत १.८ मीटरचे तीन खांब निघतात. टोपी चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड करा. ओळंबा दोन लगतच्या बाजूंना लावा, दोन खांबांमधलं अंतर वर आणि खाली सारखं आहे ना ते मोजा. पाया भरल्यावर ७ दिवस गोणपाट ओलं ठेवा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर पान टांगायला १४ दिवस थांबलेलं बरं.

बिजागऱ्या वेल्ड करताना अर्थिंगची पकड त्याच खांबावर लावा. पकड पानावर लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. ठिणग्या ब्लॉकवर पडून त्यांचे गंजाचे ठिपके उमटतात, म्हणून खाली ओलं पोतं. आवारात चढ असेल तर पान उघडल्यावर त्याचं टोक जमिनीला घासतं. दोरी ताणून ही उंची टांगायच्या आधीच पाहावी, ५० मिमी तरी मोकळी हवी.

ब्लॉक परत बसवताना पायाभोवतीचा भराव १०० मिमीच्या थरांनी, पाणी मारून धुमसाने ठोका. ही घाई पहिल्या पावसात उघडी पडते: खांबाभोवती खळगा होतो आणि पाणी तिथेच साठतं. वर ३० ते ४० मिमी कच, ब्लॉक ५ मिमी उंच ठेवून फळीवरून ठोकत खाली घ्यायचे. ६० मिमी ब्लॉक चार इंची ग्राइंडरने एका बाजूने आरपार कापत नाही, दोन्हीकडून चिरून तोडावा. ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्शाहून लहान तुकडा टिकत नाही. त्यापेक्षा शेजारचा ब्लॉकही कापून दोन मोठे तुकडे करा. सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूने भरायची. सिमेंटचा रबडा ओतलात तर पुढच्या वेळी ब्लॉक अखंड निघणार नाही.

दोन पानं मिळतात तिथे जमिनीत उतरणाऱ्या मधल्या कडीचं भोक नुसतं ब्लॉकला पाडू नका, कडीच्या धक्क्यांनी ब्लॉक सरकतो. तिथे २०० मिमी चौकोनी काँक्रीट भरून त्यात पाइपचा तुकडा बसवा, खालचं तोंड खडीत उघडं ठेवा, म्हणजे पाणी मुरून जातं.