शफलबॉटम, हजर!

मँचेस्टरच्या उत्तरेला, बरी नावाच्या गावाच्या आसपास, नेत्रविभागात नर्स म्हणून लागून मला तिसराच महिना होता. आमच्याकडे आधी नावानं हाक मारायची, मग पेशंटच्याच तोंडून नाव, जन्मतारीख, पत्ता वदवून घ्यायचा आणि मगच डोळ्यांत थेंब घालायचे. त्या दिवशी कागदावरचं आडनाव वाचलं आणि जीभ अडली. शफलबॉटम. शफल म्हणजे पत्ते पिसणं, आणि बॉटम म्हणजे... असो.

मी पुटपुटले. कुणी उठेना. मोठ्यानं म्हणाले तर बाकावरचे दोघं फिसकन हसले आणि ऐंशीच्या घरातले एक आजोबा काठी टेकत उठले. “इतकं हळू कशाला, लव्ह? आडनाव आहे माझं, आजार नाही.” (इकडची म्हातारी माणसं सगळ्यांनाच लव्ह म्हणतात.)

थेंबांनी बाहुल्या मोठ्या व्हायला वीसेक मिनिटं जातात. तेवढ्यात आजोबांनी माझी शिकवणीच घेतली. त्यांच्या आडनावात पत्तेही नाहीत आणि मला वाटलं तेही नाही. मूळ जागा शिपरबॉटम, इथलीच, बरीकडची. जुन्या इंग्रजीत बॉटम म्हणजे दरीतली सखल जमीन, आणि पुढचा तुकडा मेंढ्यांच्या झऱ्याचा. कातरणीआधी तिथे मेंढ्या धूत असत म्हणे. पुढे जुना शब्द कुणाला कळेना, मग लोकांनी कानाला ओळखीचा वाटला तो चिकटवला. रविवारी मी वाफेच्या गाडीनं रॅम्सबॉटमला जाऊन आले होते, तेही याच गोतातलं. त्यातला रॅम मेंढा की रानलसूण, यावर जाणकारांचं एकमत नाही.

“आमच्यातले काही शेवटी बॉटमऐवजी बोथम लिहितात,” आजोबा म्हणाले.

बोथम! इंग्लंडचा क्रिकेटपटू इयन बोथम! 1980च्या फेब्रुवारीत वानखेडेवर 114 धावा आणि सामन्यात 13 बळी. आमच्या घरी हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत. म्हणजे तोही खोऱ्यातलाच की!

“तुझं आडनाव काय?”

“गाढवे.” अर्थही सांगून टाकला. शाळेत हजेरीला हे नाव आलं की मागचा बाक खिंकाळायचा, तेही सांगितलं.

आजोबा हसले नाहीत. थेंबांमुळे धूसर झालेल्या नजरेनं माझ्या बिल्ल्याकडे बघत त्यांनी गंभीरपणे विचारलं, “मग तुमचा झरा कुठे होता?”

रात्री बाबांना फोन करून हाच प्रश्न विचारला. पण त्यांना बोथमचंच जास्त अप्रूप.