कवितापुस्तिका: दुसरी पुस्तिका शिवून झाली

पुस्तिका हातात आली! २० पानं, ११ कविता, २५ प्रती. पहिलीच्या वेळी माझा सगळा जीव कागदात आणि दोऱ्यात होता. या वेळी कुठली कविता कुठल्या पानावर, हे मोठ्यानं वाचून ठरवलं आणि त्यानं पुस्तिका पार बदलली.

मैत्रिणीच्या गच्चीवर दर महिन्याला आम्ही कविता वाचतो. माइक नसतो. पिठाच्या गिरणीवरची माझी लांब कविता वाचली, तेव्हा ‘पट्टा थांबला’ या ओळीशी सगळे थांबले. पुढची ओळ उच्चारायला मलाही क्षणभर धीर होईना. घरी येऊन पुस्तिकेची डमी, म्हणजे कच्ची नमुना प्रत, उघडली आणि ती ओळ उजव्या पानाच्या तळाशी आणली. आता पुढे जायचं तर वाचकाला पान उलटावंच लागतं. विंदा, बापट, पाडगावकर गावोगाव कविता वाचत फिरले, तेव्हा ऐकणाऱ्यांसमोर त्यांना थांब्यांबद्दल किती कळलं असेल, हे आता थोडंफार उमगतंय.

आता कामाचं. ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानसंख्या नेहमी चारच्या पटीत. पाच कागद एकात एक घातले की आतला कागद बाहेरच्यापेक्षा किंचित पुढे येतो. म्हणून आतल्या कागदांची कडा शिलाईनंतरच कापायची. आतला कागद १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा). घडी घालण्याआधी कागद उभा आणि आडवा हलकेच वाकवून बघा: ज्या दिशेनं सहज वाकतो, घडी त्याच दिशेनं घाला, नाहीतर कण्यावर, म्हणजे घडीच्या रेषेवर, तडे जातात. कव्हर पुण्याच्या शिवाजीनगरमधल्या हातकागद संस्थेच्या कागदाचं. ही संस्था १९४० सालची. लगद्यातून हातानं उचललेल्या कागदात तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात, त्यामुळे घडी कुठल्याही दिशेनं बसते. त्याच्या ओबडधोबड कडा मी तशाच ठेवल्यात. त्या कापायला माझा हात धजावत नाही.

शिलाई तीन भोकांची. आरीनं घडीवर भोकं पाडायची. मेण लावलेला दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढायचा, वरच्यातून आत, आतल्या आत थेट खालच्या भोकाकडे, तिथून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली की त्यावर गाठ. दोरा कण्याच्या दिशेनंच ओढायचा. आडवा ओढला तर भोक फाटतं.

हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. १९५०च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक (ठरावीक वेळापत्रकाशिवाय निघणारं छोटं मासिक) सायक्लोस्टाइल करून, म्हणजे कापलेल्या स्टेन्सिलमधून शाई उतरवून, काढलं. साठच्या दशकात तर अशा अनियतकालिकांची रांगच लागली. प्रकाशकाची वाट न बघता कविता वाचकाच्या हातात द्यायची, ही त्यांची घाई मला फार जवळची वाटते.

प्रती गच्चीवरच वाटल्या. एका काकांनी माझ्याकडून गिरणीची कविता पुन्हा वाचून घेतली आणि पुस्तिका उघडून ओळींवर बोट फिरवत ऐकली.

तिसऱ्या पुस्तिकेत एकच दीर्घ कविता, पंख्यासारखी घडी घातलेल्या एकाच लांब पट्टीवर. आतला मजकूर स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर काढायचा विचार आहे. कोणाकडे चालू स्थितीतलं मशीन असेल किंवा स्टेन्सिल पेपर अजून कुठे मिळतो हे ठाऊक असेल, तर जरूर कळवा.