वांगछ्वानच्या वाटेवर: थांगकालीन कवितांच्या वाचनाची नोंद

आठव्या शतकातल्या, थांग राजवटीतल्या चिनी कवी वांग वेईच्या वांगछ्वान मालिकेत अखेर शिरले आहे. वांगछ्वान म्हणजे राजधानी छांगआनच्या आग्नेयेला, झोंगनान डोंगरांच्या पायथ्याशी असलेली त्याची वाडी. तिथल्या वीस जागांवर त्याने आणि त्याचा मित्र पेई दी याने एकेक कविता लिहिली. प्रत्येक कविता चार ओळींची, ओळीत पाच अक्षरं.

सध्या मुक्काम 'हरणांचं कुंपण'वर. साधा अर्थ असा: रिकाम्या डोंगरात माणूस दिसत नाही, बोलण्याचा आवाज तेवढा येतो, परतीचं ऊन गर्द रानात शिरतं आणि हिरव्या शेवाळावर पुन्हा पडतं.

'रिकामा' म्हटलं की शून्यता आठवणारच. कवी बौद्ध उपासक होता. त्याचं नाव आणि मोठेपणी घेतलेलं दुसरं नाव जोडलं की 'विमलकीर्ती' या बौद्ध सूत्रातल्या गृहस्थ उपासकाच्या नावाचं चिनी रूप होतं. पण माझ्या मते इथला विचार त्या एका शब्दात नाही, ओळींच्या क्रमात आहे. डोंगर रिकामा म्हणून होतो न होतो तोच माणसाचा आवाज येतो, आणि तरी डोंगर रिकामाच राहतो. पहिल्या दोन ओळींत डोळ्यांना काही सापडत नाही, कानांना सापडतं. मग ऊन येतं आणि नजर थेट शेवाळावर उतरते. पाहणारा 'मी' कुठेच नाही.

आणि हरीण? ते शीर्षकात आहे, कवितेत नाही. पेई दीच्या जोडकवितेत त्याच्या खुणा मात्र आहेत: संध्याकाळी गार डोंगर दिसला आणि मी एकटाच निघालो, गर्द रानातलं काही ठाऊक नाही, हरणांची पावलं तेवढी उमटलेली. कविता चांगलीच आहे, पण वाटसरू मध्ये आला की रान जरा मागे सरकतं.

मध्येच ल्यू झोंगयुआन या दुसऱ्या थांग कवीची 'नदीवरचं हिम' पुन्हा उतरवून काढली. 805 साली दरबारातून दूर दक्षिणेत योंगझोऊला हद्दपार केलेला हा माणूस. हजार डोंगर, एक पाखरू उडत नाही. दहा हजार वाटा, माणसाचा माग नाही. मग एकटी होडी, गवताचा झगा आणि बांबूची टोपी घातलेला म्हातारा, गार नदीच्या हिमात एकटाच गळ टाकून. चारही ओळींची पहिली अक्षरं ओळीने वाचा: हजार, दहा हजार, एकाकी, एकटा. हद्दपारीचं दुःख त्याने कुठेही बोलून दाखवलेलं नाही. 'हिम' हे कवितेचं अगदी शेवटचं अक्षर, तोवर नुसती पुसून गेलेली जागा.

आता पुढे 'वेळूबनातलं घर'. तिथे वांग वेई स्वतः बसलेला आहे, वाद्य छेडतो, लांब शीळ घालतो, आणि चंद्र उजेड घेऊन येतो. पेई दी त्याच जागेवरच्या आपल्या कवितेत 'ताओशी (विश्वाच्या मूळ वाटेशी) रोजची जवळीक' असं थेट सांगून टाकतो. मला ते सांगणं अजून पटत नाही. इथे कोणी पेई दीची बाजू घेणारं असेल तर जरूर मांडा.