रेडीमेड फायबर ट्रंक टाकून घेतली, माझा अनुभव

मी महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्कचं काम बघतो. दोन रो (रॅकच्या रांगा) मधलं कॉपर, म्हणजे तांब्याच्या केबल, काढून १००जी (सेकंदाला १०० गिगाबिट) साठी फायबर टाकायचं ठरलं तेव्हा आमचे केबलिंगवाले दादा म्हणाले, नेहमीसारखा रोल आणू, इथंच पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेले फायबरचे तुकडे) स्प्लाइस करू, म्हणजे वितळवून जोडू, स्वस्तात पडेल. केबलच्या भावात बघितलं तर बरोबरच होतं त्यांचं. पण चालू हॉलमध्ये स्प्लाइसचं मशीन मांडून बसायचं म्हणजे परमिट काढा, काचेचे तुकडे सांभाळा, आणि वर प्रत्येक जॉइंटचा थोडा थोडा लॉस, म्हणजे प्रकाश कमी होणं. म्हणून फॅक्टरीतूनच टोकं बसवून येणारी एमपीओ (एकाच कनेक्टरमध्ये अनेक फायबर) ट्रंक मागवली, ओएम४ प्रतीची, बारा कोरची, म्हणजे बारा फायबरची.

यात खरं डोकं लागतं ते ऑर्डर द्यायच्या आधी, कारण ही केबल नंतर कापता येत नाही. फ्लोअरखालच्या ट्रेने टेप धरून मोजलं, रॅकमध्ये वर चढणारी लांबी आणि थोडा स्लॅक धरला. मग पोलॅरिटी, म्हणजे कुठली कोर पलीकडे कुठे निघते ते. एसआर४ ऑप्टिक (स्विचमध्ये बसणारं, प्रकाश पाठवणारं-घेणारं मॉड्यूल) १ ते ४ कोरवर पाठवतं, ९ ते १२ वर घेतं, मधल्या चार रिकाम्याच, म्हणजे इकडची पहिली कोर तिकडे बाराव्या जागी निघायला हवी, त्यासाठी टाइप बी, म्हणजे उलट क्रमाची जोडणी. आणि ऑप्टिकमध्ये पिना असतात म्हणून केबलचं टोक बिनपिनांचं. हे सगळं व्हेंडरकडून लेखी घेतलं, फोनवरच्या 'हो साहेब, तेच येईल' वर मी जात नाही.

ओढायचं काम पोरांनी पटकन उरकलं, पण टोकांवरची टोपणं शेवटपर्यंत काढू दिली नाहीत. तरी स्कोपखाली (टोक बघायची दुर्बीण) एका टोकावर डाग दिसलाच. फायबरमधला प्रकाश जाणारा भागच ५० मायक्रॉनचा, तिथं धुळीचा कणसुद्धा भारी पडतो! क्लीनरने पुसलं, परत बघितलं, मगच लावलं. ओएम४ वर १०० मीटरला सगळं मिळून १.९ डीबी (डेसिबल) च लॉस चालतो हो, त्यात मळकं टोक कसं परवडेल.

कॉपरचे मांडीएवढे गठ्ठे निघाल्यावर फॅसिलिटीवाले आमच्यापेक्षा खूश, फ्लोअरखालून थंड हवेला वाट मिळाली. काही स्विच अजून ४०जी चेच आहेत, पण ४०जी चं एसआर४ पण त्याच आठ कोर वापरतं, त्यामुळे स्विच बदलले की नुसते ऑप्टिक बदलायचे, फ्लोअर उघडायचा नाही. दादा आता पुढच्या रो ला पण ट्रंकच मागवा म्हणतायत, फक्त रेट जरा घासून घ्या म्हणाले.