टोकन क्रमांक २७

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५. रात्री साडेदहा.

पायांचे तुकडे पडलेत. सकाळी नऊपासून तीनपर्यंत उभीच होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये एका सभागृहात महिन्यातून एकदा कागदपत्रांचं शिबिर असतं, तिथे गेलं वर्षभर जातेय. मला ना कँटोनीज येतं, ना कायदा कळतो. म्हणून माझ्याकडे टोकनं वाटायचं, झेरॉक्स काढायचं आणि विसरलेले चष्मे ज्याचे त्याला पोचवायचं खातं आहे.

एरवी पस्तीस-चाळीस टोकनं जातात. आज साडेअकरालाच साठ संपली. मग वहीची पानं फाडून त्यांवर हाताने आकडे लिहीत बसले.

बाहेर अजून सण चालू आहे. २९ जानेवारीला चिनी पंचांगातलं सापाचं वर्ष लागलं. पंधरा दिवस सण चालतो, पुढच्या शनिवारी मोठी मिरवणूक. ग्रँट अव्हेन्यूवर लाल कंदिलांच्या माळा, दुकानांच्या दारात कुंड्यांतली चिमुकली संत्री. आणि आत सभागृहात जो तो दबक्या आवाजात एकच विचारत होता: इमिग्रेशनवाल्यांनी दार वाजवलं तर उघडायचं का?

त्यासाठी लाल कार्डं आली आहेत. खेळायच्या पत्त्याएवढी. एका बाजूला चिनी लिपीत तुमचे हक्क, दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर, दाराच्या फटीतून अधिकाऱ्याला दाखवायला. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट असल्याशिवाय आत यायला परवानगी देत नाही, प्रश्नांची उत्तरं देणार नाही, असा. गंमत अशी की नववर्षाला थोरांनी पोरांना द्यायची पैशांची पाकिटंही अशीच लाल. लायसी म्हणतात त्यांना. एका आजोबांनी माझ्याकडून कार्ड घेतलं ते लायसी घ्यावी तसं, दोन्ही हातांनी, मान लववून. मग उलटून पाहिलं आणि हसले. मला नाही हसता आलं.

टोकन क्रमांक २७ म्हणजे एक पोपो. पोपो म्हणजे आजी. ऐंशीच्या पुढच्या असतील, अंगात जांभळं रुईभरलं जाकीट, हातातल्या पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, आणि तिच्यात रबरबँड लावलेला पत्रांचा गठ्ठा. वरचं पत्र भाड्याच्या सवलतीचं, इंग्रजीत, तीस दिवसांत कागद आणून द्या म्हणणारं. ते तीस दिवस कधीच उलटलेले.

बरं, पोपोंनी हयगय केली म्हणावं तर तसंही नाही. त्या कार्यालयात जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांना फोनवर दुभाष्या दिला, तो मँडरिन बोलणारा. पोपो दक्षिण चीनमधल्या ताइशानच्या. त्यांची बोली कँटोनीजवाल्यालाही कान टवकारून ऐकावी लागते, मँडरिनवाल्याला तर तिचा गंधही नसतो. मालवणच्या मावशीला गुजराती दुभाष्या द्यावा आणि वर म्हणावं, झालं ना तुमच्या भाषेत! पोपो प्रत्येक वाक्याला 'हो, हो' म्हणत राहिल्या. परक्या कचेरीत म्हातारी माणसं 'हो'च म्हणतात. माझी आजी तलाठ्यासमोर म्हणायची. कागदोपत्री मात्र भाषेची सोय केली आणि अर्जदाराला समजलं, अशी नोंद.

आणि हे त्या शहरात, जिथे सरकारी खात्यांनी चिनी भाषेत सेवा द्यावी म्हणून २००१ पासून कायदा आहे. कायद्यात 'चिनी' हा एक शब्द असतो. रांगेत उभ्या माणसांकडे त्या एका शब्दाच्या आत चार भाषा असतात.

अपील लिहायला चाळीस मिनिटं लागली. पोपो बोलायच्या, एक कॉलेजातला पोरगा ते ऐकून इंग्रजीत सांगायचा, वकील मुलगी टाइप करायची. पोरगा मधेच अडला की घरी आईला फोन लावून शब्द विचारायचा. मागे अठ्ठावीस, एकोणतीस, तीस नंबरवाले चुळबुळत होते, पण कोणी ओरडलं नाही.

याच वकील मुलीने मला पूर्वी एकदा लाउ खटला समजावला होता. आज पोपोंकडे बघताना तो परत आठवला. १९७० साली या शहराच्या शाळांमध्ये इंग्रजी न येणारी २,८५६ चिनी मुलं होती, आणि त्यांतल्या सुमारे १,८०० जणांना वेगळी शिकवणी अशी काहीच नव्हती. किनी लाउ नावाच्या सहा वर्षांच्या पोराच्या नावाने पालकांनी दावा लावला. शाळावाल्यांचं म्हणणं सरळ होतं: तेच पुस्तक, तेच मास्तर, तोच बाक, मग भेदभाव कुठे आला? खालच्या दोन्ही न्यायालयांना ते पटलंही. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र एकमताने सांगितलं, की ज्याला भाषाच कळत नाही त्याच्यापुढे तेच पुस्तक ठेवणं ही समान वागणूक नव्हे.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सोलापूरची आमची शाळा दिसली होती. पूर्व भागात घर असलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. घरी तेलुगू. वडील मागावर, आई विड्या वळायची. ती मागच्या बाकावर बसायची आणि मराठीच्या बाई तिला मठ्ठ म्हणायच्या. तिने एकदा अख्खी कविता घडाघडा म्हणून दाखवली, एकही शब्द न चुकता. बाईंनी अर्थ विचारला तर गप्प. वर्ग फिदीफिदी हसला, मीही हसले. मधल्या सुट्टीत तीच मुलगी चिंचोके 'ओकटि, रेंडु, मूडु' करत माझ्या दुप्पट वेगाने मोजायची, ते मी बघत होते. तरी बाई म्हणतात म्हणजे मठ्ठच असणार, असं मला वाटायचं. सातवीनंतर ती दिसली नाही. विड्याच वळायला लागली असावी. आम्हा दोघींनाही पुस्तक एकच होतं.

दुपारी जेवायला कोपऱ्यावरच्या दुकानातून बाओ आले, म्हणजे सारण भरलेले चिनी पाव. बाओ खाताना पगाराचा विषय निघतोच. २०१४ मध्ये इथल्या एका नावाजलेल्या डिमसम रेस्टॉरंटमधल्या कामगारांनी चायनीज प्रोग्रेसिव्ह असोसिएशन या संघटनेच्या मदतीने थकलेल्या मजुरीपोटी चाळीस लाख डॉलर वसूल केले होते. सुमारे २८० माणसांचे पैसे. मालकही चिनी, नोकरही चिनी. आपल्याच माणसाविरुद्ध तक्रार कशी करायची, हा तिथला पहिला अडसर असतो, असं वकील मुलगी म्हणाली. मी बाओ चावत 'हं' म्हटलं.

खरं तर तेव्हाच आमच्यातल्या जातीबद्दल बोलायला हवं होतं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने जातिभेदाला बंदी करणारं एसबी ४०३ हे विधेयक मंजूर केलं, तेव्हा आमच्या ओळखीपाळखीत केवढा गदारोळ! 'आपल्यात इथे असलं काही नाही', 'उगाच आपली बदनामी'. ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी, सध्याच्या कायद्यांत ते बसतंच, असं म्हणत नकाराधिकार वापरला आणि एका घरच्या कोजागरीला लोक मसाला दूध पिता पिता सुटकेने बोलत होते. 'काही नाही' म्हणणाऱ्यांची आडनावं कोणती आणि गप्प बसलेल्या एक-दोघांची कोणती, हे मला दिसत होतं. मीही दूधच प्यायले.

चिनी लोकांतही एकी आहे असं कोणी समजू नये. चायनीज फॉर अफर्मेटिव्ह ॲक्शन ही इथली जुनी संस्था, १९६९ ची. चायनाटाउनच्या वेशीवर नवं हॉटेल बांधलं जात होतं आणि त्या बांधकामावर चिनी मजुरांना काम मिळत नव्हतं, त्या रागातून ती उभी राहिली. अफर्मेटिव्ह ॲक्शन म्हणजे डावललेल्यांना मुद्दाम संधी देणं, तेव्हा नावातच तिचा पक्ष आला. पण इथल्या नामांकित सरकारी लॉवेल हायस्कूलचे गुणांवरचे प्रवेश बंद करून सोडत आणली, तेव्हा चवताळून उठलेल्यांत चिनी पालकच पुढे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शिक्षण मंडळाचे तीन सदस्य मतदारांनी परत बोलावले, त्यात त्यांचा मोठा वाटा. शिबिरातला एक गृहस्थ लॉवेलच्या गुणांवरच्या प्रवेशाच्या बाजूचा, वकील मुलगी विरुद्ध. दोघं एकाच टेबलावर बसून पोपोंचे कागद लावतात. कोण बरोबर, हे माझं अजून ठरत नाही. गुणांवर शिकून इथवर आलेली मी, आणि मागच्या बाकावरची ती. दोन्हींकडून आतून कोणीतरी बोलतं.

तीन वाजता पोपोंची पिशवी घेऊन त्यांच्या खोलीपर्यंत गेले. तिसरा मजला, जिना अरुंद, लिफ्ट नाही. खोली आठ बाय दहा. दुमजली पलंग, खालच्या मजल्यावर पोपो, वरच्यावर संसार: डबे, रजया, तांदळाची पोती, पंखा. खिडकीत दोरीवर वाळत घातलेली सॉसेजं आणि मोजे, शेजारी शेजारी. स्वयंपाकघर मजल्याला मिळून एक, पॅसेजच्या टोकाला, तिथे एक बाई आपल्या कढईवर नजर ठेवून उभी. लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला काही समजावून सांगायला नको. पोपोंनी बसायला स्टूल दिलं आणि स्वतः पलंगाच्या कडेवर टेकल्या. दोघी मिळून दोन संत्री खाल्ली. बोलणं शून्य. निघताना माझ्या लेकीसाठी लायसी हातात कोंबली. मी नको नको म्हटलं, ते त्यांना कळलं नाही किंवा कळून घेतलं नाही.

या खोल्या अजून टिकून आहेत तेही आपोआप नाही. जवळच केर्नी आणि जॅक्सनच्या कोपऱ्यावर इंटरनॅशनल हॉटेल होतं. ४ ऑगस्ट १९७७ च्या पहाटे तिथल्या म्हाताऱ्या फिलिपिनो आणि चिनी भाडेकरूंना बाहेर काढायला पोलिसांची फौज आली, तेव्हा सुमारे तीन हजार माणसं हातात हात अडकवून दाराशी उभी होती. जो शेरीफ कारवाईला आला, त्यानेच आधी ती करायला नकार देऊन तुरुंगवास भोगला होता. माणसं काढली, इमारत पाडली, जागा वर्षानुवर्षं खड्डा म्हणून पडून राहिली. २००५ मध्ये तिथे वृद्धांसाठी परवडणारी घरं झाली. मूळच्यांपैकी बहुतेकांना ती बघायला मिळाली नाहीत.

परतताना मुद्दाम सॅक्रॅमेंटो स्ट्रीटने आले. १८७३ साली इथे ७५१ क्रमांकाच्या घरात वाँग किम आर्कचा जन्म झाला. त्याचं मूळ गावही ताइशानचंच, म्हणजे पोपोंच्या मुलखातला. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत चायनाटाउन बेचिराख झालं, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं. तरी रेंगाळले. १८९५ मध्ये चीनला जाऊन परत आल्यावर तू इथला नागरिक नाहीस म्हणून त्याला बंदरात जहाजांवरच महिनोन्‌महिने अडकवून ठेवलं. इथल्या चिनी मंडळांनी त्याचा खटला लढवला. २८ मार्च १८९८ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, जो इथे जन्मला तो इथला. त्यानंतरही १९०१ मध्ये टेक्ससच्या एल पासोत त्याला पुन्हा पकडलंच. देशाचा कायदा त्याच्या नावाने ओळखला जातो आणि त्याला मात्र पुन्हा जामीन भरावा लागला.

घरी पोचून कुकर लावतेय तोच सनीव्हेलहून भावजयीचा फोन. तिला बाळंतपणाची एप्रिलची तारीख दिली आहे. नवराबायको दोघं एच-१बी या कामाच्या व्हिसावर. अध्यक्ष ट्रम्प यांच्या २० जानेवारीच्या आदेशाप्रमाणे १९ फेब्रुवारीपासून जन्मणारं अशा आईबापांचं मूल नागरिक धरायचं नाही. परवा सिॲटलच्या न्यायाधीशांनी त्याला स्थगिती दिली, त्याच्या आदल्या दिवशी मेरीलँडच्या. तरी तिची झोप उडालेली. वर्षापूर्वी हीच मला म्हणाली होती, ताई, तुम्हाला काय पडलंय त्या चिन्यांचं, आपण बरं आपलं काम बरं. आज तिला ते आठवून द्यावंसं वाटलं, जिभेवर आलंही होतं. गिळलं. त्याऐवजी तिला वाँगची गोष्ट सांगितली, आणि आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्को शहर राज्यांबरोबर कोर्टात गेल्याचंही. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"ताई, ते नाव परत सांगा ना. ग्रुपवर टाकते."

"वाँग किम आर्क. अठराशे अठ्ठ्याण्णव."

"मोठा वकील होता का?"

"नाही गं. स्वयंपाकी."

सोमवारी पोपोंचं अपील रजिस्टर पोस्टाने टाकायचं आहे. पावती घ्यायला विसरायचं नाही. लायसी अजून पर्समध्येच, कार्डांच्या गठ्ठ्यात मिसळली आहे. सकाळी शोधून लेकीला देते.